अक्कलदाढ काढल्यानंतर : वनस्पतिजन्य पूरके किती उपयोगी, किती जोखमीची?

अक्कलदाढेचे दुखणे हे तरुणपणचे, असा आपला समज असतो. तो अगदीच चुकीचा नाही. ही दाढ साधारण 17 ते 25 या वयात येते आणि जागा अपुरी पडली की त्याच सुमारास काढली जाते. परंतु ज्यांना त्या वयात तिने त्रास दिला नाही, अशा अनेकांना साठी-सत्तरीत ती काढण्याचा प्रसंग येतो. हिरड्या खाली सरकतात, अर्धवट उगवलेल्या दाढेच्या कडेला अन्न अडकते, शेजारची चांगली दाढ किडू लागते, किंवा नव्या कवळीचा दाब नेमका हिरडीखाली दडलेल्या दाढेवर येतो. मग दंतवैद्य सांगतात, की आता ती काढण्यावाचून गत्यंतर नाही.

तारीख ठरली की घरात आपुलकीची लगबग सुरू होते. कोणी हळदीच्या कॅप्सूलची बाटली आणून ठेवते, कोणी अननसापासून केलेल्या गोळ्या सुचवते, कोणी लवंगेचे तेल, गुळवेलीचा रस, प्रथिनांची पावडर. या सगळ्यामागे एक समान वाक्य असते: ‘वनस्पतीचेच तर आहे, अपाय कसला व्हायचा?’ या वाक्याची नीट तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. वनस्पतिजन्य पूरकांपैकी काही खरोखर उपयोगी आहेत, काही निरुपद्रवी पण अनावश्यक आहेत आणि काही उतारवयात धोक्याची ठरू शकतात. आपण स्वतः रुग्ण असाल किंवा घरातील वडीलधाऱ्यांची काळजी घेत असाल, तर हा फरक ठाऊक असणे आवश्यक आहे.

जखम कशी भरते?

दाढ निघाल्यावर जबड्याच्या हाडात एक खळगा उरतो. काही मिनिटांतच त्यात रक्त साकळते आणि गुठळी तयार होते. ही गुठळी म्हणजे त्या उघड्या हाडावरचे आणि मज्जातंतूंच्या टोकांवरचे नैसर्गिक झाकण. पुढील काही दिवसांत तिच्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि नवे तंतू शिरतात. तीन-चार आठवड्यांत वरची हिरडी बहुधा मिटते. आतील खळगा हाडाने भरून यायला मात्र काही महिने लागतात.

ही गुठळी अकाली निसटली किंवा विरघळली, तर हाड उघडे पडते. दंतवैद्य याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. दाढ काढल्यानंतर दोन ते चार दिवसांनी, म्हणजे दुखणे ओसरायच्या वेळी, उलट ठणका वाढतो, तो कानापर्यंत जातो आणि तोंडाला दुर्गंधी येते. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत हे अधिक घडते आणि तंबाखूने त्याची शक्यता वाढते. येथे तंबाखू म्हणजे केवळ विडी-सिगारेट नव्हे. आपल्याकडे अनेक वृद्ध स्त्रिया वर्षानुवर्षे मिश्री लावतात, काहीजण दातांना तपकीर लावतात आणि याला व्यसन मानतच नाहीत. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. दाढ काढल्यावर ती हिरडीला लावणे म्हणजे जखमेतच तंबाखू भरणे. ती कायमची सुटली तर फारच उत्तम. निदान जखम मिटेपर्यंत तरी ती दूर ठेवावी, हे घरातल्यांनी गोडीने समजावून सांगावे.

वय वाढले की जबड्याचे हाड अधिक कठीण होते आणि दाढ काढायला जास्त प्रयास पडतात. जखम भरण्याचा वेगही मंदावतो. त्यात मधुमेह असेल, आहारात प्रथिने कमी असतील, रक्तदाबाच्या वा अन्य औषधांमुळे तोंड कोरडे पडत असेल, तर विलंब आणखी वाढतो. म्हणून पूरकांचा विचार करताना पहिला प्रश्न हा विचारावा, की शरीराला जखम भरण्यासाठी लागणारा माल पुरेसा मिळतो आहे का?

पहिले पूरक ताटातले

जखम भरताना नवे तंतू विणले जातात आणि ते प्रथिनांचे असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली प्रौढांसाठी सुचवलेले प्रथिनांचे प्रमाण दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम आहे. निरोगी वृद्धांनाही 1 ते 1.2 ग्रॅमपर्यंत लागते, असे वार्धक्यातील पोषणाचे तज्ज्ञ मानतात. म्हणजे 60 किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला 60 ते 70 ग्रॅम. प्रत्यक्षात दाढ काढलेल्या आजोबांच्या पोटात पहिले चार दिवस पातळ भाताची पेज आणि चहा एवढेच जाते. तेथेच खरी उणीव निर्माण होते.

ही उणीव मऊ अन्नानेही भरून काढता येते. मुगाच्या घट्ट वरणाच्या एका वाटीतून साधारण 7 ग्रॅम, 200 मिलिलिटर दुधातून 6 ते 7 ग्रॅम, 50 ग्रॅम मऊ पनीरमधून 9 ग्रॅम, वाटीभर दह्यातून सुमारे 5 ग्रॅम आणि डाळव्याचे पीठ दुधात कालवून घेतल्यास दोन मोठ्या चमच्यांतून 5 ते 6 ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन वाट्या वरण, दोन पेले दूध, थोडे पनीर, दही, डाळव्याचे पीठ आणि जोडीला मऊ खिचडी एवढे दिवसभरात विभागून दिले तर 55 ते 60 ग्रॅमचा पल्ला गाठता येतो. जे दूधही घेत नाहीत, त्यांच्यासाठी सोयाबीनचे दूध आणि टोफू हे चांगले पर्याय आहेत.

इतके खाणे खरोखर जमतच नसेल, तर वाटाणा किंवा सोयाबीनच्या प्रथिनांची पावडर काही दिवस देण्यास हरकत नाही. हे वनस्पतिजन्य पूरक उपयोगी गटात मोडते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये आणि मधुमेह असणाऱ्यांनी डब्यावर साखरेचे प्रमाण पाहावे.

दुसरा घटक क जीवनसत्त्व. याच्याशिवाय नव्या ऊतींचे धागे पक्के होत नाहीत. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना याच्या अभावी स्कर्व्ही होई, हिरड्यांतून रक्त येई आणि जुन्या भरलेल्या जखमाही उकलत. आपली रोजची गरज मात्र मोठी नाही. 2020 च्या शिफारशीनुसार पुरुषांना 80 आणि स्त्रियांना 65 मिलिग्रॅम पुरते. एक आवळा किंवा एक मध्यम पेरू ती भागवतो. पेरूच्या बिया खळग्यात अडकतात, म्हणून त्याचा गर गाळून द्यावा. आवळा उकडून, कुस्करून, किंचित गूळ घालून दिल्यास झोंबत नाही. मधुमेह असेल तर गूळ टाळावा. आंबट चघळायच्या गोळ्या मात्र जखमेवर आणि दातांवर ठेवू नयेत. ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे, त्यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या सल्ल्याविना घेऊ नयेत.

तिसरा घटक जस्त, म्हणजेच झिंक. ते डाळी, तीळ आणि भोपळ्याच्या बियांत असते. कडधान्यांतील काही द्रव्ये त्याच्या शोषणाला अडथळा करतात. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे या आपल्या जुन्या पद्धतींनी तो अडथळा कमी होतो. मोड आलेल्या मुगाची मऊ शिजवून गाळलेली पातळ उसळ किंवा नाचणीची आंबील ही या दृष्टीने योग्य निवड आहे. नाचणीतून चुनाही, म्हणजे कॅल्शियमही, भरपूर मिळतो. तीळ अख्खे देऊ नयेत. बारीक वाटून द्यावेत.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ब-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींतून विश्वसनीयपणे मिळत नाही. शाकाहारी वृद्धांत त्याची कमतरता वारंवार आढळते आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी दीर्घकाळ पॅन्टोप्रॅझोल घेणाऱ्यांत ती अधिक. जीभ आणि तोंड सोलवटल्यासारखे होणे, सतत थकवा, हातापायांना मुंग्या ही लक्षणे असतील, तर कोणतेही वनस्पतिजन्य पूरक पुरे पडणार नाही. रक्त तपासून ब-12 घ्यावे लागेल.

हळदीची बाटली आणि हळदीचा डबा

दाढ काढल्यानंतर घेतले जाणारे एक वनस्पतिजन्य पूरक म्हणजे हळदीची कॅप्सूल. जखमेवर हळद लावण्याची आपली परंपरा किती जुनी आहे, हे न्याय्य ठरवण्याची वेळ एकदा आलीच होती. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने दाखले पुढे ठेवले आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले. आपल्याला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हे ज्ञान नवे नाही, एवढेच त्या लढ्याने सिद्ध केले. आज बाजारात मिळणारी अमुक मिलिग्रॅमची कॅप्सूल घेतल्याने अक्कलदाढेची जखम लवकर भरते, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

घरच्या हळदीत कर्क्युमिन हे द्रव्य सुमारे 3 टक्के असते. अर्धा चमचा हळद घातलेल्या दुधातून ते अगदी थोडे पोटात जाते आणि त्यातलेही फार थोडे रक्तात शोषले जाते. म्हणून कोमट हळद-दूध निर्धोक आहे, पोषकही आहे आणि त्याने रुग्णाला बरे वाटते. कॅप्सूलचे गणित वेगळे. तिच्यात शेकडो मिलिग्रॅम कर्क्युमिन असते आणि शोषण वाढावे म्हणून अनेकदा मिऱ्यातील पायपेरिन घातलेले असते. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या संशोधनात 20 मिलिग्रॅम पायपेरिनमुळे माणसाच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले होते. पायपेरिन हेच काम इतर औषधांच्या बाबतीतही करू शकते. फिटसाठीचे फेनिटॉइन, हृदयासाठीचे प्रोप्रॅनोलॉल, दम्यासाठीचे थिओफायलिन यांची रक्तातील पातळी त्याने वाढते. याशिवाय हळदीच्या तीव्र कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून आल्या आहेत. असे क्वचितच घडते. तरीही ज्यांच्या यकृतात आधीच बिघाड आहे, त्यांनी या कॅप्सूलपासून दूर राहावे. डब्यातली हळद आणि बाटलीतली हळद यांत असा फरक आहे.

खळग्यात हळदीची पूड दाबून भरू नये. ती कोरडी पूड गुठळीत मिसळून बाहेरचा पदार्थ म्हणून आत राहते.

अननस, लवंग, कोरफड आणि इतर

*ब्रोमेलेन.* हे अननसाच्या, विशेषतः त्याच्या देठाच्या, भागातून मिळणारे प्रथिन पचवणारे द्रव्य आहे. अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर सूज आणि दुखणे कमी होते का, यासाठी त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. काहींत थोडा फायदा दिसला, काहींत दिसला नाही. तरुण, निरोगी रुग्णाने दंतवैद्यांच्या संमतीने घेतल्यास आक्षेप नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र ते टाळावे. अननसाचे फळ खाऊन तोच परिणाम मिळत नाही आणि पहिल्या आठवड्यात ते आंबट फळ जखमेला झोंबते.

*लवंगेचे तेल.* लवंगेतील युजेनॉल वेदना बधिर करते, हे खरे आहे. दंतवैद्य स्वतः ते झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून वापरतात आणि ड्राय सॉकेटमध्ये युजेनॉलयुक्त औषधाची पट्टीही भरतात. पण ते मोजून आणि जागा पाहून. घरी शुद्ध तेलाचा बोळा खळग्यात ठेवल्यास नाजूक ऊती भाजतात. हे तेल गिळलेले यकृताला घातक असते, म्हणून नातवंडांच्या हाती बाटली लागणार नाही याची दक्षता घ्यावी.

*कोरफड.* तिच्या स्वच्छ गराचे काही लहान अभ्यास आशादायक आहेत. कुंडीतील पान कापून त्याचा गर उघड्या जखमेवर लावणे मात्र योग्य नाही. पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक पोटात गेल्यास जुलाब होतात.

*गुळवेल आणि अश्वगंधा.* ‘शक्ती येण्यासाठी’ या वनस्पती सर्रास दिल्या जातात. दाढेची जखम त्यांनी लवकर भरते, याला भक्कम पुरावा नाही. 2021 साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. वाद असला, तरी यकृताचा विकार किंवा रोगप्रतिकारशक्तीचे आजार असणाऱ्यांनी सावध राहणे शहाणपणाचे आहे. अश्वगंधेने गुंगी वाढू शकते आणि थायरॉइडच्या औषधाची मात्रा बिघडू शकते.

*ज्येष्ठमध.* घसा आणि तोंडासाठी आपण तो चघळतो. त्यातील ग्लिसिरायझिन शरीरात पाणी आणि मीठ साठवते, पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब वाढवते. रक्तदाबाचे रुग्ण, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि डिगॉक्सिन घेणारे यांनी तो रोज चघळू नये.

*इसबगोल.* पहिल्या आठवड्यात ज्याचा हमखास उपयोग होतो, असे हे साधे वनस्पतिजन्य पूरक आहे. मऊ आहारात चोथा कमी असतो, पाणी कमी प्यायले जाते आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकाने मलावरोध होतो. रात्री एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून द्यावे. ते कमी पाण्यात देऊ नये आणि गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाला अजिबात देऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

खरी जोखीम एकत्र येण्यात

माझ्या दवाखान्यात एक 74 वर्षांचे गृहस्थ दाढ काढल्यानंतर तिसऱ्या दिवशी आले. उशीचा अभ्रा रक्ताने माखत होता, थुंकी लाल येत होती. हृदयाची कृत्रिम झडप असल्यामुळे ते रक्त पातळ करणारी ॲसेनोकुमॅरॉलची गोळी बरीच वर्षे घेत होते. दाढ काढण्यापूर्वीची त्यांची आयएनआर तपासणी ठीक होती. मी पिशवी उघडून सगळी औषधे टेबलावर मांडायला सांगितली. थोरल्या मुलाने आणलेल्या लसणाच्या कॅप्सूल, सुनेने दिलेली पायपेरिनयुक्त हळद आणि घरातच शिल्लक असलेल्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या, ज्या ‘दाढेला चालतात’ म्हणून सुरू झाल्या होत्या. मेट्रोनिडॅझोल रक्त पातळ करणाऱ्या या गोळीचा परिणाम ठळकपणे वाढवते. लसूण आणि हळदीच्या कॅप्सूलनी त्यात भर घातली असणार. पुन्हा केलेली आयएनआर तपासणी बरीच वर गेली होती. दंतवैद्यांनी त्याच दिवशी जखम भरून टाके घातले, हृदयरोगतज्ज्ञांनी गोळीची मात्रा सावरली आणि ते बरे झाले. त्या घरात निष्काळजीपणा कोणीच केला नव्हता. प्रत्येकाने मायेने एकेक गोष्ट आणली होती. फक्त एकाने आणलेले दुसऱ्याला ठाऊक नव्हते आणि दंतवैद्यांना यांपैकी काहीच ठाऊक नव्हते.

म्हणून पुढील गोष्टी कृपया ध्यानात घ्याव्यात.

लसूण, जिन्को, जिनसेंग आणि हळद यांच्या तीव्र कॅप्सूल, तसेच ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा रक्तस्रावाची शक्यता वाढवू शकते. दाढ काढण्याचे ठरताच याविषयी डॉक्टरांना सांगावे. एक ते दोन आठवडे आधीपासून ती थांबवणे बहुधा योग्य ठरते. फोडणीतला लसूण आणि भाजीतली हळद यांना हा नियम लागू नाही.

याच्या उलट, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी डॉक्टरांनी दिलेली औषधे स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. दाढेतून येणारे रक्त दाबून, टाके घालून थांबवता येते. औषध तोडल्यामुळे आलेला पक्षाघात परतवता येत नाही. बऱ्याच वेळा ही औषधे चालू ठेवूनच दाढ काढली जाते. तो निर्णय दंतवैद्य आणि आपले डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा असतो.

मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीचे खाणे दाढ काढल्यावर एकदम घटते. त्यातच कारले, जांभूळ किंवा मेथीची पूड चालू असेल, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले तर तत्काळ साखर तपासावी. त्या दिवसांत औषधाची मात्रा काय ठेवायची, हे आधीच विचारून घ्यावे.

हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा ॲलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते दंतवैद्यांना दाढ काढण्यापूर्वीच सांगावे. अशा रुग्णांत क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही आणि उघडे राहते. त्यावर कोणत्याही पूरकाचा इलाज चालत नाही.

पहिला आठवडा कसा काढावा?

पहिल्या दिवशी कापडी बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा. पुन्हा रक्त झिरपले, तर स्वच्छ ओल्या कापडाचा नवा बोळा दाबावा. थंड केलेली ओली चहाची पुडीही चालते, कारण चहातील टॅनिन रक्त थांबण्यास मदत करते. थुंकणे, चूळ भरणे, नळीने पिणे टाळावे. ओढीने गुठळी निसटते. गालावर बाहेरून बर्फाची पिशवी दहा-पंधरा मिनिटे ठेवावी, मग तेवढीच विश्रांती द्यावी. खाणे थंड वा कोमट: ताक, दूध, गार आंबील. डोके उशीवर थोडे उंच ठेवून झोपावे.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर हलकेच तोंडात खेळवावे आणि सोडून द्यावे. खळखळून गुळण्या नकोत. दुसरा-तिसरा दिवस सुजेचा असतो. ती या दिवसांत सर्वाधिक दिसते आणि मग ओसरू लागते. घट्ट वरण-भात, मऊ खिचडी, उकडून कुस्करलेला बटाटा, पनीर, शिरा असा आहार विरुद्ध बाजूने घ्यावा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मऊ पोळी दुधात किंवा वरणात कुस्करून सुरू करावी. शेंगदाण्याचे कूट, चिवडा, पोहे, अख्खे तीळ आणि बारीक बिया आठवडाभर वर्ज्य. कवळी केव्हा घालायची, हे दंतवैद्यांना विचारून ठरवावे.

दुखण्यासाठी वृद्धांना बहुधा पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी रक्तदाब, जठर आणि मूत्रपिंड यांवर ताण येतो. त्या सल्ल्याविना घेऊ नयेत.

बाटली विकत घेण्यापूर्वी

आपल्या देशात अशा पूरकांवर अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे 2016 सालचे नियम लागू होतात. त्यांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना असावी लागते. ती सूचना वाचावी. जी वस्तू स्वतःच औषध नसल्याचे सांगते, तिच्याकडून औषधाची अपेक्षा धरू नये. परवाना क्रमांक, प्रत्येक घटकाची मात्रा आणि मुदत पाहावी. मात्रा न लिहिलेले, ‘गुप्त मिश्रण’ म्हणून विकले जाणारे चूर्ण घेऊ नये. कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: आतील द्रव्य वनस्पतीचे असले, तरी कॅप्सूलचे कवच अनेकदा प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनचे असते. वेष्टनावरील हिरवी खूण तपासावी.

दंतवैद्यांना केव्हा कळवावे?

अर्धा तास दाबूनही रक्त थांबत नसेल. तिसऱ्या दिवसानंतर दुखणे वाढत असेल. ताप, पू किंवा दुर्गंधी असेल. ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल. रुग्ण दिवसभर काहीच खात-पीत नसेल किंवा अचानक गोंधळल्यासारखा वागत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, जबड्याखाली वा मानेवर सूज उतरली असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे.

दाढ काढण्याच्या आदल्या दिवशी एक कागद घ्यावा. त्यावर रुग्ण घेत असलेले प्रत्येक औषध, प्रत्येक चूर्ण, काढा, रस आणि कॅप्सूल, मात्रेसह आणि केव्हापासून सुरू आहे यासह लिहावे. ‘हे तर घरगुती आहे’ म्हणून काही वगळू नये. तो कागद दंतवैद्यांना दाखवावा आणि मग शीतकपाटाच्या दारावर लावून ठेवावा, म्हणजे भेटीला येणारा प्रत्येकजण आपली भेटवस्तू देण्यापूर्वी तो वाचेल. ज्याला काही द्यावेसेच वाटते, त्याने मऊ शिजवलेल्या मुगाच्या खिचडीचा डबा आणावा.